सुट्टी मुलांची, जबाबदारी वस्तीची

डिसेंबरचा शेवटचा आठवडा जवळ आला की पेण-रामवाडीकडच्या वस्त्यांमधून फिरताना एकच प्रश्न कानावर येतो, "सिस्टर, आता या पोरांना आठ दिवस गुंतवायचं कसं?" विचारणारी आई सकाळी आठला कामावर निघालेली असते. नवरा डोलवीकडे कंत्राटी कामाला, नाहीतर गणपतीच्या कारखान्यात, नाहीतर रिक्षावर. घरात आजी असली तर ठीक. नसली तर दहा वर्षांची मुलगी, तिच्या कडेवर दोन वर्षांचा भाऊ आणि चार्जिंगला लावलेला मोबाइल.

सगळ्यांची सुट्टी एकदम येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांची मोठी सुट्टी दिवाळीत असते. इंग्रजी माध्यमाच्या बऱ्याच शाळा नाताळापासून नव्या वर्षापर्यंत बंद राहतात. पण सुट्टी दिवाळीची असो की नाताळची, आईबापांचं काम काही बंद राहत नाही. उन्हाळ्यात मुलं मामाच्या गावाला जातात. थंडीच्या या छोट्या सुट्टीत ती कुठेच जात नाहीत, वस्तीतच असतात. म्हणून या सुट्टीचा विचार वस्तीनंच करायला हवा.

हा विषय आरोग्याच्या पानावर कशाला, असं कुणाला वाटेल. दवाखान्यात काम केलेल्या माणसाला तसं वाटत नाही. भाजलेलं मूल, विहिरीतून काढलेलं मूल, रस्त्यावर गाडीनं उडवलेलं मूल दवाखान्यात आणतात, तेव्हा बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येतं, "घरी कुणी नव्हतं."

शाळा गुपचूप काय काय देते

शाळा शिकवते हे आपल्याला माहीत आहे. पण नर्सच्या नजरेनं पाहिलं तर शाळा आणखी चार गोष्टी देते. एक वेळचं गरम जेवण. दिवसाला ठरलेली वेळ. खेळायला जागा आणि सवंगडी. आणि मोठ्या माणसाची नजर. शाळेला कुलूप लागलं की या चारही गोष्टी एकाच दिवशी थांबतात. मुलाच्या हातात मोबाइल दिला तर ते गप्प बसतं, पण या चारातली एकही गोष्ट त्याला मिळत नाही. मुलांना गुंतवायचं म्हणजे या चार गोष्टी सुट्टीत आपण द्यायच्या. एकट्या आईला ते जमणार नाही. दहा-पंधरा घरांनी मिळून ठरवलं तर जमतं, आणि फारसा खर्चही येत नाही.

पहिली गोष्ट: दुपारचं जेवण

शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा सरकारी नियम आहे. सुट्टीत हे जेवण बंद. मग दुपारी काय खाल्लं म्हणून मुलांना विचारलं तर उत्तर येतं, "चहा-बटर", "कुरकुरे", "सकाळचा भात".

१२ ग्रॅम प्रथिनं म्हणजे फार मोठी गोष्ट नाही. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. मूठभर, म्हणजे २५-३० ग्रॅम शेंगदाण्यांत ६ ते ७ ग्रॅम. एक उकडलेलं अंडं आणि मूठभर दाणे-गूळ एवढ्यानं लहान मुलाची शाळेतल्या जेवणाइतकी प्रथिनं भरून निघतात. अंडं नको असेल तर मोड आलेल्या मटकीची उसळ आणि भात, किंवा नाचणीची भाकरी आणि वालाचं कालवण करा. थंडीत बाजारात पावटा, वाल, मुळा, मेथी, पेरू, बोरं येतात. पेरूची एक फोड रोज मिळाली तरी चांगलं, कारण पेरूतल्या क जीवनसत्त्वामुळे भाकरी-उसळीतलं लोह अंगी लागतं.

सकाळी निघताना डबा भरून ठेवा, जसा शाळेसाठी भरता तसाच. पातेल्यात झाकून ठेवलेलं मुलं खेळाच्या नादात विसरतात. स्वतःच्या नावाचा डबा मात्र विसरत नाहीत. बारा वाजता सगळ्या मुलांनी आपापला डबा घेऊन विहारात किंवा कुणाच्या तरी अंगणात एकत्र बसावं. हात धुऊनच डबा उघडायचा. कुणाच्या डब्यात काही नसेल तर ते तिथेच कळतं आणि वाटून खाता येतं.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडी आहे. शाळेला नाताळची सुट्टी लागली म्हणून अंगणवाडी बंद असेलच, असं धरून चालू नका. सेविकाताईंना आधी विचारून घ्या.

दुसरी गोष्ट: वेळ

सुट्टी लागली की पहिल्या रात्री मूल अकरापर्यंत जागतं, तिसऱ्या रात्री बारापर्यंत. सकाळी नऊला उठतं, न्याहारी करत नाही, दुपारी चिडचिड करतं. आपण म्हणतो, सुट्टीत पोरं बिघडतात. खरं तर त्यांची झोप बिघडलेली असते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते, त्याहून मोठ्या मुलांना ८ ते १०. सुट्टीतही झोपायची आणि उठायची वेळ फार हलू देऊ नका. तासाभराची सूट पुरे.

एका पुठ्ठ्यावर दिवसाची आखणी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. ती मुलांनाच लिहू द्या. सकाळी अंघोळ, न्याहारी, घरातलं एक काम. नऊ ते बारा बाहेर खेळ. बाराला डबा. मग तासभर वाचन, चित्र किंवा बैठा खेळ. चारनंतर पुन्हा बाहेर. अंधार पडायच्या आत घरी. मोबाइलची वेळही त्याच पुठ्ठ्यावर लिहा, म्हणजे रोजचं भांडण नको. दोन ते चार वर्षांच्या मुलानं दिवसाला एका तासापेक्षा जास्त पडदा पाहू नये, आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या हातात तो देऊच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे. जेवताना आणि झोपण्याआधी तासभर मोबाइल बाजूला, एवढा नियम मोठ्यांनीही पाळला तरच मुलं पाळतील.

तिसरी गोष्ट: खेळ

पाच वर्षांपुढच्या मुलानं रोज किमान ६० मिनिटं दम लागेल असं खेळावं, ही जागतिक आरोग्य संघटनेचीच शिफारस. आपल्याकडे त्यासाठी वेगळं साहित्य लागत नाही. लंगडी, लगोरी, आबाधोबी, डबा ऐसपैस, कबड्डी यांत हाडं, फुप्फुसं, तोल, सगळ्यांचा व्यायाम होतो. शिवाय मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांमध्ये लांबचं न दिसण्याचा त्रास कमी आढळतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. विटीदांडू खेळायचा असेल तर बघणाऱ्या मुलांनी लांब उभं राहायचं. डोळ्याला लागलेली विटी फार महाग पडते.

बैठ्या खेळासाठी सागरगोटे, चौकट, पत्त्यांतला भिकार-सावकार आहेच. पेणमध्ये शाडूची माती मिळणं अवघड नाही. तिची एसटी, घर, बैल, चुलीवरची भांडी मुलं तासन्‌तास करतात. माती मळताना बोटांची ताकद वाढते, त्याचा उपयोग लिहिताना होतो. प्लास्टर ऑफ पॅरिसची भुकटी आणि कारखान्यातले रंग मात्र मुलांच्या हातात देऊ नका. ती धूळ श्वासातून आत जाते.

चौथी गोष्ट: नजर

ही सगळ्यात अवघड, म्हणून तिचा हिशेब मांडू. सुट्टी सात दिवसांची आणि एकत्र आलेली घरं चौदा, असं धरा. रोज दोन मोठी माणसं मुलांजवळ थांबली तर एका घरावर एकच दिवस येतो. त्यातही सकाळ-दुपार वाटून घेता येते. रोजंदारीवरच्या बाईचा खाडा होऊ नये म्हणून रात्रपाळी नसलेले, साप्ताहिक सुट्टीवरचे, कॉलेजात जाणारे आणि घरातले आजी-आजोबा यांची नावं आधी धरा. बाप्यांची नावं यादीत आलीच पाहिजेत. मुलं सांभाळणं हे फक्त बायांचं काम नाही.

माणसं नेहमी दोन असावीत. मुलं बंद खोलीत नकोत, दार उघडं असलेल्या जागी असावीत. हा कुणावर अविश्वास नाही, सगळ्यांसाठी सारखा नियम आहे. अंगाच्या झाकलेल्या भागांना कुणी हात लावला, किंवा "कुणाला सांगू नकोस" म्हणाला, तर लगेच सांगायचं, हे मुलामुलींना सुट्टीच्या पहिल्याच दिवशी सांगा. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ हा नंबर त्यांना पाठ करायला लावा. रुग्णवाहिकेचा १०८ पण.

नजर तीन ठिकाणी विशेष हवी. पहिला रस्ता. रामवाडीला महामार्ग आणि एसटी अगदी शेजारी. बॉल रस्त्यावर गेला तर तो जाऊ द्यायचा, आणायला मोठं माणूस जाईल, हा पक्का नियम करा. दुसरं पाणी. नदी, खाडी, तळं, उघडी विहीर, खाणीतलं साठलेलं पाणी यांकडे मुलांनी एकट्यानं फिरकायचं नाही, पोहता येत असलं तरी नाही. तिसरी आग. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

पतंगाचे दिवसही आता सुरू होतात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये बंदी घातली आहे. तो गळा, बोटं आणि पक्ष्यांचे पंख कापतो. साधा सुती दोरा वापरा आणि पतंग मैदानात उडवा, कौलांवर किंवा विजेच्या तारांजवळ नको.

सर्दी झालेल्या मुलानं घरी थांबून आराम करावा. साध्या सर्दीला अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही, ती मेडिकलमधून परस्पर आणू नका. पण पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा श्वास शांत असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजा. एक वर्षापुढच्या मुलाचा श्वास ४० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा जास्त भरला, छातीखालचा भाग आत ओढला जात असेल, किंवा मूल पीत-खात नसेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

पोपटी लावा, पण आगीला ओळखून

थंडीत रायगडमध्ये पोपटी नाही असं होत नाही. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला, त्यात ओवा-मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, जमलं तर कोंबडी. वरून पुन्हा पाला, मडकं उपडं आणि भोवती जाळ. मुलांसाठी यापेक्षा चांगला कार्यक्रम नाही. शेंगा निवडणं, पाला आणणं, मीठ लावणं ही कामं त्यांना द्या. पोषण म्हणूनही हे जेवण उत्तम.

जाळ मात्र मोठ्यांनीच लावायचा. मडक्याभोवती दोन मोठ्या पावलांवर चुन्याची रेघ मारा आणि मुलांनी रेघेच्या बाहेर बसायचं. पाण्याच्या दोन बादल्या आधी भरून ठेवा. नायलॉनचे झुळझुळीत कपडे आणि ओढणी आगीजवळ नको, ते पेटल्यावर वितळून कातडीला चिकटतात. जाळ वाढवायला रॉकेल-पेट्रोल कधीच ओतायचं नाही. घरात थंडी वाजते म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातं.

कुणी भाजलंच तर लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बांगडी, अंगठी, घड्याळ सूज यायच्या आत काढा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापडानं सैलसं झाका. चेहरा, हात, सांधा किंवा लघवीची जागा भाजली असेल, किंवा भाजलेला भाग मुलाच्या तळव्याहून मोठा असेल, तर दवाखान्यात न्या. कपडे पेटले तर पळायचं नाही, जागीच थांबून जमिनीवर लोळायचं. हे मुलांना तोंडी सांगून पुरत नाही. खेळ म्हणून दहा वेळा करून घ्या, मग अंगात मुरतं.

मुलांना आवडणारे चार उद्योग

नाडी मोजणं. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून घड्याळात एक मिनिट ठोके मोजायचे. आधी बसून, मग लंगडी खेळून आल्यावर. कुणाचे ठोके लवकर खाली येतात ते वहीत लिहायचं. हृदय काय करतं हे पुस्तकापेक्षा असं लवकर कळतं.

डासांची शोधमोहीम. मुलांच्या दोन टोळ्या करा आणि वस्तीतली पिंपं, ड्रम, टायर, कुंड्या, करवंट्या तपासायला सांगा. साचलेल्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर त्या घरच्यांना सांगून पाणी ओतायचं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी केली तर डास तयारच होत नाही.

रस्त्याचा नकाशा. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं हे आपल्या मुलांना माहीत असतं. पण १९२७ साली बाबासाहेब मुंबईहून महाडला गेले कसे, हे विचारा. जवळचा रस्ता धरमतरवरून होता. धरमतर म्हणजे आपल्या वडखळशेजारचं बंदर. पण पुढे मोटारवाल्यांनी नेलं नाही तर काय, या विचारानं ते लोक 'पद्मावती' बोटीनं लांबच्या दासगाव बंदराला उतरले. तिथून महाड पाच मैल, वेळ आली तर चालत जाता येतं. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. मोठ्या मुलांना हा सगळा मार्ग कागदावर काढायला सांगा, आणि तासाला चार किलोमीटर चाललं तर किती वेळ लागेल याचं गणित घाला.

आजीची मुलाखत. तुम्ही शाळेत का गेला नाही, पाणी कुठून आणायचा, बाळंतपण कुठे झालं, हे नातवंडांनी विचारायचं आणि लिहून घ्यायचं. म्हाताऱ्या माणसालाही बरं वाटतं.

१ जानेवारीला भीमा कोरेगावला जाणाऱ्या घरांनी लहान मुलाच्या खिशात नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, आणि पाण्याची बाटली घरूनच न्यावी.

मुलीला सुट्टी द्या

आता अवघड गोष्ट बोलू. वर लिहिलेलं सगळं मुलगा करतो. त्याच वयाची मुलगी त्या वेळी भांडी घासत असते, पाणी भरत असते, धाकट्याला कडेवर घेऊन खेळ बघत उभी असते. शाळा चालू असताना तिला निदान पाच-सहा तास स्वतःचे मिळतात. सुट्टीत तेही जातात. सुट्टी तिच्यासाठी कामाचा हंगाम होतो.

घरकाम शिकणं वाईट नाही, पण ते भावानंही शिकावं. पुठ्ठ्यावरच्या आखणीत 'घरातलं एक काम' लिहिलंय, ते दोघांना सारखं. आणि ज्या माणसांची पाळी असेल त्यांनी धाकटं मूल मुलीच्या कडेवरून उतरवून स्वतःकडे घ्यावं. तिला लंगडीत, कबड्डीत घ्यावं. या वयात हाडं भरतात, ती बसून नाही भरत. पाळी सुरू झाली म्हणून मोठ्या मुलीचं खेळणं थांबवायचं आरोग्याच्या दृष्टीनं काहीही कारण नाही.

३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंची जयंती साजरी करतो, १८४८ सालची पुण्यातली मुलींची शाळा आठवतो. त्याच सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या, आणि त्याच साथीत १० मार्चला त्यांचा अंत झाला. मूल दुसऱ्याचं होतं. त्यांच्या जयंतीला फोटोला हार घालताना आपल्या घरातली मुलगी त्या आठवड्यात किती तास खेळली, हेही एकदा मोजून पाहा.

ज्यांची सुट्टी संपत नाही

दिवाळी झाली की आपल्या तालुक्यात वीटभट्ट्या लागतात. तिथे आलेल्या कातकरी आणि इतर मजुरांच्या मुलांची सुट्टी तेव्हा सुरू होते, ती थेट पावसाळ्यापर्यंत संपत नाही. शाळेचा पोषण आहार नाही, सवंगडी नाहीत, आणि खेळायला विटांची धूळ. ठाण्याकडच्या वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेनं भट्टीवरच्या भोंग्यात, म्हणजे झोपडीतच शाळा सुरू केल्या. त्यांना 'भोंगाशाळा' म्हणतात. स्थलांतर करणाऱ्यांची मुलं गावीच राहून शिकावीत म्हणून सरकारची हंगामी वसतिगृहाची योजनाही आहे.

आपण वस्तीत वीस मुलं सांभाळणार असू, तर जवळच्या भट्टीवरची चार मुलं त्यात जड नाहीत. त्यांना बोलवा. त्यांचं नाव कुठल्या शाळेत आहे ते विचारा. नसेल तर जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश देणं शिक्षण हक्क कायद्यानं बंधनकारक आहे, दाखला नसला तरी. सुट्टीत झालेली ओळख त्या मुलाला सुट्टीनंतर शाळेपर्यंत नेऊ शकते.

आता काय करायचं

सुट्टी लागण्याआधीच्या रविवारी वंदना झाली की अर्धा तास थांबा. एक कागद घ्या. वर तारखा, खाली प्रत्येक तारखेला दोन नावं. पहिली दोन नावं बाप्यांची लिहा. प्रथमोपचाराची पेटी कुणाकडे राहील, दोन बादल्या कुणाच्या, विहाराची किल्ली कुणाकडे, हे ठरवा. आशाताईंना एक दिवस बोलवा, त्या मुलांची उंची-वजन घेतील. लांबचं वाचता न येणारं, सारखं दमणारं, वजन न वाढणारं एखादं मूल त्यात सापडलं तर त्याच आठवड्यात त्याला दवाखान्यात दाखवा.

कागद विहाराच्या दाराला चिकटवा. मुलं तो रोज वाचतील आणि आज कोणाची पाळी आहे ते तुम्हाला येऊन सांगतील.

जय भीम.